गिनीपिगची दुखणी आणि त्यांची मुळे

कुत्र्यामांजरांच्या आजारपणाची सवय असलेल्या घरात गिनीपिग आला की त्याची दुखणी विचित्र वाटू लागतात. हिरड्यांतून रक्त येणे, दाढांखाली जीभ जखडून जाणे किंवा माणसाला सहज मानवणाऱ्या औषधाने चारपाच दिवसांत जीव जाणे, यांतले काहीच त्या घराने पूर्वी पाहिलेले नसते. या दुखण्यांचा माग घेतला तर मात्र त्यांतील बरीचशी या प्राण्याच्या शरीराच्या तीनचार वैशिष्ट्यांशी जाऊन भिडतात. गिनीपिग, शास्त्रीय नाव ‘केव्हिया पोर्सेलस’, हा कृंतक म्हणजे कुरतडणाऱ्या सस्तन प्राण्यांच्या गणातील असून दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीतील लोकांनी त्याला काही हजार वर्षांपूर्वी मांसासाठी माणसाळवले, आणि सोळाव्या शतकात तो युरोपात पोहोचला. थंड हवा आणि दिवसभर चघळायला भरपूर गवत या दोन गोष्टी त्याच्या शरीराने गृहीत धरलेल्या आहेत, आणि शहरी घरात नेमक्या त्याच कमी पडतात.

उंदीर, घूस, कुत्रा, मांजर हे प्राणी आपल्याला लागणारे ‘क’ जीवनसत्त्व यकृतात स्वतःच तयार करतात. या प्रक्रियेच्या शेवटच्या पायरीवर लागणारे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, बनवणारे जनुक गिनीपिगमध्ये निकामी झालेले आहे. माणसात आणि वानरांतही ते निकामी आहे, मात्र दोन्हीकडे हा बिघाड उत्क्रांतीच्या ओघात स्वतंत्रपणे झाला. 1907 साली नॉर्वेत, आजच्या ऑस्लो शहरात, ॲक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिक हे दोघे खलाशांना होणाऱ्या बेरीबेरीसदृश रोगाचा अभ्यास करीत होते. त्यांनी गिनीपिगांना केवळ धान्यावर ठेवले तेव्हा त्या प्राण्यांना बेरीबेरी न होता स्कर्व्ही, म्हणजे ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग, झाला, आणि आहारात ताजी भाजी किंवा लिंबाचा रस आल्यावर तो टळला. स्कर्व्ही प्रयोगशाळेत प्रथमच असा हुकमी घडवता आला, आणि पुढे 1930 नंतरच्या काही वर्षांत हंगेरीत आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी व जोसेफ स्विर्बेली यांनी ‘क’ जीवनसत्त्वाची ओळख पटवली तीही गिनीपिगांच्याच साहाय्याने. माणसाच्या आहारशास्त्रावर या प्राण्याचे फार मोठे ऋण आहे, आणि म्हणूनच पाळलेल्या गिनीपिगला स्कर्व्ही व्हावा ही गोष्ट अधिक खेदाची वाटते.

शरीरातील पेशींना आणि अवयवांना बांधून ठेवणारे कोलॅजेन हे प्रथिन नीट घडण्यासाठी ‘क’ जीवनसत्त्व लागते. ते कमी पडले की रक्तवाहिन्यांच्या भिंती दुबळ्या होतात, सांध्यांत रक्त उतरून ते सुजतात, दात हलू लागतात, आणि उचलून घेताच प्राणी वेदनेने ओरडतो. हालचाल मंदावलेला, केस विस्कटलेला, मागचे पाय ओढत चालणारा गिनीपिग ‘पडून पाय दुखावला असेल’ अशा समजुतीने घरीच ठेवला जातो आणि मोलाचे दिवस निघून जातात. प्रौढ प्राण्याला वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण 10 ते 30 मिलिग्रॅम, आणि गाभण मादीला त्याहून अधिक, ‘क’ जीवनसत्त्व लागते. तयार खाद्यगोळ्यांत ते घातलेले असले तरी साठवणुकीत, विशेषतः उष्ण व दमट हवेत, ते कमी होत जाते. पिण्याच्या पाण्यात टाकलेले थेंब तर त्याहून लवकर निष्प्रभ होतात. त्यामुळे रोज ताजी ढोबळी मिरची किंवा कोथिंबीर देणे, आणि पशुवैद्यांनी सांगितल्यास ठरलेली मात्रा थेट तोंडात देणे, हाच भरवशाचा उपाय ठरतो.

दातांची गोष्टही आहाराशीच जोडलेली आहे. गिनीपिगचे वीसही दात, पुढचे आणि दाढा धरून, जन्मभर वाढत राहतात आणि तंतुमय गवत सतत चघळल्याने झिजत राहतात. गवताऐवजी मऊ गोळ्या मिळाल्या की झीज कमी होते. खालच्या दाढा मुळातच आतल्या बाजूला कललेल्या असल्याने त्या वाढून जिभेवर कमानीसारख्या मिळतात आणि जीभ त्यांच्याखाली अडकते. असा प्राणी भुकेने खाण्याजवळ येतो, घास उचलतो, पण गिळता न आल्याने तो टाकून देतो, आणि लाळेने त्याची हनुवटी ओली राहते. तोंड अरुंद असल्याने दाढा बाहेरून दिसत नाहीत; त्यासाठी उपकरणाने आत पाहणे, क्ष-किरण चित्र काढणे आणि भूल देऊन दाढा घासून घेणे आवश्यक असते. केवळ पुढचे दात कापल्याने मूळ दुखणे तसेच राहते.

सर्वांत घातक गैरसमज औषधांबाबत आहे. गवतातील तंतू पचवण्यासाठी गिनीपिगच्या मोठ्या आतड्याच्या आरंभी अंधनाल नावाची, एका टोकाला बंद असलेली मोठी पिशवी असते आणि तिच्यातील जीवाणू अन्न आंबवतात. पेनिसिलिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन ही प्रतिजैविके या उपयुक्त जीवाणूंना मारतात, मोकळ्या झालेल्या जागी ‘क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल’सारखे विषारी जीवाणू फोफावतात, आणि त्यांच्या विषाने काही दिवसांत मृत्यू ओढवतो. पेनिसिलिनची गिनीपिगवरील ही बाधा 1943 मध्येच नोंदवली गेली होती. त्याआधी मे 1940 मध्ये ऑक्सफर्डला पेनिसिलिनची निर्णायक चाचणी आठ उंदरांवर झाली; तेथे गिनीपिग निवडले गेले असते तर हे औषध कदाचित विषारी म्हणून बाजूला पडले असते. घरातील मुलाचे उरलेले अमॉक्सिसिलिन शिंकणाऱ्या गिनीपिगला पाजणे किती धोक्याचे आहे, हे यावरून कळावे. शिंका आणि धाप यांमागे पुष्कळदा ‘बोर्डेटेला’ हा जीवाणू असतो आणि ससा तो लक्षणांविना बाळगू शकतो, म्हणून ससा व गिनीपिग एका पिंजऱ्यात ठेवू नयेत.

कॅल्शियमचे दुखणेही शरीराच्या अशाच एका वैशिष्ट्यातून येते. जास्तीचे कॅल्शियम हा प्राणी मूत्रावाटे टाकतो, त्यामुळे त्याचे मूत्र गढूळ दिसते आणि मुतखडा होण्याचा धोका वाढतो. गुरांसाठी सहज मिळणारा लसूणघास कॅल्शियमने समृद्ध असल्याने वाढत्या पिलांना आणि गाभण मादीला चालतो, पण प्रौढ प्राण्याचा तो रोजचा चारा असू नये. याखेरीज काही वेगळी लक्षणेही ओळखता यायला हवीत. मध्यम वयापुढच्या मादीच्या दोन्ही कुशींवरचे केस सारखेच गळू लागले तर बीजांडकोशातील गाठींची शंका घ्यावी. त्वचेत शिरणाऱ्या एका खरजेच्या किडीमुळे इतकी असह्य खाज सुटते की प्राण्याला फेफऱ्यासारखे झटके येतात आणि रोग मेंदूचा वाटतो. काही गिनीपिगांच्या डोळ्यात बुबुळाच्या कडेला चक्क हाड तयार होते, पण त्याने सहसा वेदना होत नाही. डोळ्यांतून अधूनमधून येणारा दुधट स्राव तर आजारच नव्हे. त्याने हा प्राणी आपले तोंड स्वच्छ करतो.

सुमारे 18 ते 24 अंश सेल्सियस हवेत सुखावणारा हा प्राणी 28 अंशांपुढे उष्माघाताच्या वाटेवर असतो, म्हणून विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्याला गच्चीत किंवा खिडकीलगत ठेवणे जिवावर बेतू शकते. कोकणाच्या पावसाळ्यात बुरशी धरलेले गवत टाकूनच द्यावे लागते. शिकारी प्राण्यांचे भक्ष्य म्हणून उत्क्रांत झाल्यामुळे तो दुखणे लपवतो, आणि दर आठवड्याला स्वयंपाकघरातील काट्यावर केलेल्या वजनात घट दिसते तेव्हा बाहेरून तो अजून ठणठणीत भासत असतो. त्याने अर्धा दिवस काही खाल्ले नाही तरी आतड्यांची हालचाल थांबू लागते, म्हणून त्याच दिवशी पशुवैद्याकडे जावे, आणि त्यांच्या सल्ल्याने भिजवलेले तंतुमय खाद्य पिचकारीने थोडेथोडे भरवावे. शस्त्रक्रियेपूर्वी कुत्र्यामांजरांना रात्रभर उपाशी ठेवतात तसे गिनीपिगला ठेवत नाहीत. त्याला उलटी होऊ शकत नाही, आणि इतका दीर्घ उपास त्याच्या आतड्यांना सोसत नाही.