वजन बाळाचं, हिशोब घराचा

सुरतेच्या उधन्यातल्या चाळीत साड्यांचा गठ्ठा येऊन पडतो. नवऱ्याची यंत्रमागावर बारा तासांची पाळी. घरात गरोदर बाई मांडी घालून साडीवर खडे चिकटवते, लोंबते धागे कापते. मजुरी नगावर. कंबर धरली म्हणून आडवं पडलं, की तेवढे नग बुडाले. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून पोटासाठी सुरतेत आलेल्या कितीतरी मराठी घरांत हे नित्याचंच.

जन्मताना २,५०० ग्रॅमपेक्षा कमी भरलेलं बाळ कमी वजनाचं मानतात. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वजनाची नोंद झालेल्या बाळांपैकी सुमारे १८ टक्के बाळं अशी होती. गरीब घरांत प्रमाण जास्त. अशा बाळाला जंतुसंसर्गाचा धोका अधिक असतो, अंगाची ऊबही लवकर जाते.

पोट भरलं म्हणजे पोषण झालं, असं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३पासून जवळच्या खेड्यांतल्या मातांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंच्या आसपास भरली. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोंच्या. पालेभाज्या, फळं आणि दूध वरचेवर खाणाऱ्या मातांची बाळं वजनदार निघाली. आणि महिनाअखेरीला खोलीभाडं, वाण्याची उधारी भागवताना पहिली काट बसते ती नेमकी दूध-फळांना. त्यात घरची बाई सगळ्यांच्या मागून जेवणार. शिवाय ती स्वतः लहानपणी अर्धपोटी वाढलेली, ठेंगणी, अशक्त असेल, तर बाळाची तूट लग्नाआधीच सुरू झालेली असते.

पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या-आठव्या महिन्यात ती उधन्याहून गाडीनं अमळनेरला जाते. राज्य बदलतं, अंगणवाडी बदलते, तपासणीचा धागा तुटायला एवढं पुरतं.

मदत अगदीच नाही असं नाही. गुजरातच्या मातृशक्ती योजनेत दरमहा दोन किलो चणे, किलोभर तूरडाळ आणि लिटरभर शेंगदाणा तेल मिळतं. पण विसावा शिध्यातून मिळत नाही. २०१७पासून भरपगारी बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली, तीही आस्थापनेच्या हजेरीपटावर नाव असलेल्यांना. घरी गठ्ठा आणणाऱ्या बाईचं नाव कुठल्याच पटावर नसतं. बाळाचं वजन सर्वांत जास्त वाढतं ते शेवटच्या तीन महिन्यांत. निदान त्या काळातली तिची बुडती मजुरी भरून द्यायला हवी. आईला ‘नीट खा, आराम कर’ असं बजावण्याचा अधिकार त्यानंतरच आपल्याला पोचतो.