घरच्यांवरच धावणारा पहारेकरी

माझी भाची मेहकरकडच्या एका खेड्यात दिलेली. लग्नाला वर्ष झालं नि तिला शौचावाटे रक्त जायला लागलं. घरच्यांचं निदान आधी 'उष्णता', मग 'मूळव्याध'. मूळव्याधीचे बोर्ड लावून बसलेल्यांना आपल्याकडे तोटा नाही. अशाच एकाकडे चार महिने गेले. दिवसातून दहा-बारा वेळा जावं लागायचं. पोरीनं खामगावला माझ्याकडे येणंच सोडलं. विचारलं तर म्हणाली, "मावशी, एसटीत कुठे जाऊ गं?"

शेवटी अकोल्याला नेली. दुर्बिणीतून मोठं आतडं पाहिलं, तुकडा तपासला. निघालं अल्सरेटिव्ह कोलायटिस.

मी बी.ए. झालेली, विज्ञानाचा गंध नाही. पण डॉक्टरांनी छान सांगितलं. आपण भाकरी, वरण, दही खातो ते शरीराला परकंच. शिवाय आतड्यात अब्जावधी जंतू नांदतात. तरी प्रतिकारशक्ती गप्प राहते, कारण घरचं कोण नि चोर कोण हे ती लहानपणापासून शिकलेली असते. या आजारात ती शिकवण बिघडते. पहारेकरी घरच्याच जंतूंवर धावतो आणि त्या मारामारीत आतड्याचं अस्तर सोलवटतं. याचाच भाऊबंद क्रोन. त्याच्या बऱ्याच रोग्यांच्या रक्तात तर पावाच्या यीस्टविरुद्ध अँटिबॉडी सापडतात! पण आपल्याकडे आतड्याचा क्षयही तसाच दिसतो, त्यातही त्या सापडू शकतात. म्हणून नुसत्या रक्तावर डॉक्टर निर्वाळा देत नाहीत. क्षय असताना प्रतिकारशक्ती दाबणारं औषध दिलं तर तो भडकतो ना!

जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांनी २०२० साली पद सोडलं ते याच कोलायटिसपायी. हे सांगितल्यावर भाचीच्या सासूबाईंचा 'बाहेरचं काही' हा संशय थोडा निवळला.

मध्ये बरं वाटलं म्हणून हिनं मेसालामिनच्या गोळ्या बंद केल्या. दोन महिन्यांत पुन्हा रक्त! आता दिवस गेलेत, तर सासूबाई म्हणाल्या, गोळ्या नकोतच. मी फोन लावून डॉक्टरांनाच द्यायला लावला. आजार शांत ठेवणं बाळासाठीही गरजेचं, गोळी मनानं सोडायची नाही, असं त्यांनी ठणकावलं.

गेल्या महिन्यात ती एसटीनंच आली. पिशवीत जादा कपडे होते. चहा घेण्याआधीच म्हणाली, "मावशी, वाटेतल्या स्टँडवर बायकांच्या संडासाला कडी नाही. तुझ्या मंडळातर्फे अर्ज कर आधी."