एका गावाची तीन गावे

उत्तर प्रदेशातल्या खेड्यांविषयी मराठीत काही छापून येते तेव्हा 'प्रधान' या शब्दाचे 'सरपंच' असे भाषांतर बिनदिक्कत केले जाते. कामापुरते ते चालूनही जाते. पण 1947च्या उत्तर प्रदेश पंचायत राज कायद्यातला सरपंच हा वेगळाच गृहस्थ आहे. तो न्याय पंचायतीचा प्रमुख, किरकोळ तंटे सोडवणारा. गावचा कारभार प्रधानाकडे. न्याय पंचायती पुढे निष्प्राण झाल्या, सरपंचही विसरले गेले, पण काही ग्रामपंचायतींचा मिळून होणारा गट दाखवायला 'न्याय पंचायत' हा शब्द सरकारी कागदांवर टिकून राहिला. शब्दांची ही गफलत तशी लहान. तिच्या पोटात मात्र मोठा गैरसमज दडलेला आहे: गाव, ग्रामपंचायत आणि वस्ती ही एकाच गोष्टीची तीन नावे आहेत, असा. लखनऊ जिल्ह्यात तरी त्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तिन्हींच्या हद्दी जुळतीलच असे नाही.

आधी जमीन पाहू. लखनऊ जिल्हा समुद्रसपाटीपासून साधारण 120 मीटर उंचीवरचे सपाट मैदान आहे. मधून गोमती जाते, दक्षिणेकडे सई. डोंगर नाही, घाट नाही, खिंड नाही. सह्याद्रीच्या कुशीत ओढा किंवा डोंगरधार बऱ्याचदा शिवेचे काम करते. इथे शीव प्रामुख्याने मोजणीच्या नकाशावर असते. देशावर आपल्या डोळ्यांपुढे येणारे गाव म्हणजे पांढरीवर दाटीने बसलेले गावठाण आणि भोवती काळी. लखनऊ ज्यात येते त्या अवधात हे चित्र विस्कटते. एका मौज्यात अनेक मजरे, म्हणजे सुट्या वस्त्या, विखुरलेल्या असतात. कुणाच्या नावामागे 'पुरवा', कुणाच्या 'खेडा'. आपल्याकडच्या वाड्या-वस्त्यांसारखेच हे, पण इथे मूळ गाव कोणते आणि वाडी कोणती हे नुसते पाहून सांगता येत नाही. उलट काही मौज्यांत एकही चूल पेटत नाही. आपण ज्यांना बेचिराग म्हणतो ती ही गावे. 2011च्या जनगणनेत उत्तर प्रदेशात 1,06,000हून जास्त गावे नोंदली गेली, त्यांतली वस्ती असलेली सुमारे 98,000. ग्रामपंचायती मात्र 58,000च्या आसपास. म्हणजे गाव तिथे ग्रामपंचायत हे समीकरण आकड्यांतच मोडते. शक्यतो हजारभर लोकसंख्येला एक पंचायत असे कायद्याचे धोरण असल्याने लहान मौजे एकत्र बांधले जातात. (महाराष्ट्रातही 43,000हून जास्त गावांना सुमारे 28,000 ग्रामपंचायती आहेत; 'गट ग्रामपंचायत' हा शब्द त्यातूनच आला.)

फरक कुठे जाणवतो ते दोन कागदांवरून कळते. पहिला कागद खतौनी. तिच्या माथ्यावर मौजा, परगणा, तहसील, जिल्हा आणि फसली वर्ष असते, उदाहरणार्थ 1428-1433, म्हणजे जुलै 2020पासूनची सहा वर्षे. खाली खाते क्रमांक, गाटा क्रमांक, क्षेत्रफळ. ग्रामपंचायतीचा संबंध नाही. हा कागद लेखपालाच्या दुनियेतला. लेखपाल म्हणजे आपला तलाठी, पण पद तुलनेने नवे: 1953मध्ये पटवाऱ्यांनी सामूहिक राजीनामे दिले, तेव्हाचे महसूलमंत्री चरणसिंग यांनी ते खुशाल स्वीकारले आणि पटवाऱ्याच्या जागी लेखपाल आला. दुसरा कागद परिवार रजिस्टरची नक्कल. घरात कोण-कोण, वय काय, शिक्षण काय याची ही नोंद 1970च्या नियमांनुसार ग्रामपंचायतीच्या सचिवाकडे असते. नाव कमी-जास्त करायचे तर सचिव, जमिनीचा फेरफार करायचा तर लेखपाल. एकाचा साहेब खंड विकास अधिकारी, दुसऱ्याचा तहसीलदार, आणि त्यांची कार्यक्षेत्रेही सारखी नाहीत. महाराष्ट्रात तालुका आणि पंचायत समिती यांची हद्द साधारण एकच, म्हणून हे आपल्या लक्षात येत नाही. लखनऊ जिल्ह्यात तहसिली पाच आणि ब्लॉक आठ अशी मांडणी चालत आली. मलिहाबाद तहसिलीत मलिहाबाद आणि माल असे दोन ब्लॉक, मोहनलालगंज तहसिलीत मोहनलालगंज आणि गोसाईगंज असे दोन.

यावर कुणी म्हणेल, हा कारकुनी काथ्याकूट झाला. गावकऱ्याला आपले गाव बरोबर ठाऊक असते. ठाऊक असते हे खरेच. पण एक गाव उचलले की बाकीची दोन कशी मागे राहतात, हे लखनऊने अलीकडेच दाखवले आहे. डिसेंबर 2019मध्ये नगर निगमची हद्द वाढली आणि 88 गावे शहरात गेली. पंचायती संपल्या, प्रधान संपले, नगरसेवक आले. मौजे मात्र संपले नाहीत: शेतीच्या तुकड्याला तोच गाटा क्रमांक राहिला आणि शेतकऱ्याची लेखपालाकडची खेप चुकली नाही. मजऱ्यातली म्हैस तर कोणत्याच अधिसूचनेने शहरी होत नाही. 'गाव शहरात गेले' या वाक्यात नेमके काय गेले, हा प्रश्न म्हणूनच विचारावा लागतो. 2017मध्ये 11 आणि 2021मध्ये 23 गावे पुण्याच्या हद्दीत आली, त्या गावांतल्या सातबाराधारकांना हा प्रश्न नवा वाटणार नाही.

नावांचा घोटाळाही याच मुळातून फुटतो. लखनऊ जिल्ह्यात अमेठी नावाची एक नगर पंचायत आहे. निवडणुकांमुळे देशभर गाजलेल्या अमेठीशी तिचा संबंध नाही. दशहरी आंबा 'मलिहाबादी' म्हणून ओळखला जातो, भौगोलिक मानांकनही त्याच नावाने आहे. पण ज्या दशहरी गावावरून त्याला नाव मिळाले आणि जिथे त्याचे मूळ झाड दाखवतात, ते काकोरीजवळ आहे. मलिहाबाद स्वतः तर खेडेच नव्हे, नगर पंचायत आहे. बागा आहेत त्या भोवतालच्या मौज्यांत.

प्रधानाच्या अधिकाराबद्दल दोन टोकाची मते ऐकू येतात: एक, तो गावचा राजा, दुसरे, तो नुसता सह्याजी. दोन्ही चूक. पैशाच्या बाबतीत तो खरोखर परावलंबी आहे. घरपट्टी-पाणीपट्टी वसूल करण्याची महाराष्ट्रातली सवय तिकडे फारशी रुजलेली नाही, त्यामुळे भिस्त वित्त आयोगांच्या अनुदानावर, आणि खात्यातून पैसे काढायला सचिवाचीही सही लागते. जमिनीच्या बाबतीत मात्र त्याचे वजन मोठे आहे. 1 जुलै 1952 रोजी जमीनदारी निर्मूलन अमलात आले तेव्हा तालुकदारांच्या ताब्यातली तळी, कुरणे, पडीक जमीन गाव सभेच्या हाती आली. तिच्यासाठी जी भूमी व्यवस्थापन समिती असते, तिचा अध्यक्ष प्रधान आणि सचिव लेखपाल. वेगळी चालणारी दोन गावे इथे एका टेबलाशी बसतात, आणि गावातली कडवी भांडणेही बहुधा याच टेबलावरची असतात. उत्तर प्रदेशातल्या एका तळ्याच्या जमिनीवरून सर्वोच्च न्यायालयाने 2001मध्ये हिंचलाल तिवारी खटल्यात निकाल दिला, तो याच प्रकारच्या वाटपाविषयी होता: तळ्याची जागा घरांसाठी देता येत नाही.

मग तिन्ही गावे एक का करत नाहीत? या युक्तिवादाला फ्रान्सचा दाखला दिला जातो. तिथल्या 'कम्यून'चा साम्यवादाशी काही संबंध नाही. डिसेंबर 1789च्या कायद्याने बहुतेक जुन्या चर्च-परगण्यांच्या जागी आलेले ते सर्वांत तळचे प्रशासकीय एकक. देशाचा जवळपास प्रत्येक इंच कुठल्या ना कुठल्या कम्यूनमध्ये मोडतो. पॅरिससुद्धा एक कम्यूनच. जन्ममृत्यूची नोंद, लग्न लावणे, गावची कामे, सगळे एका मेअरच्या छत्राखाली. दाखला आकर्षक आहे, पण अपुरा. सुमारे 35,000 कम्यूनांपैकी निम्म्याहून अधिकांत 500 माणसेही नाहीत. एवढ्याशा गावाला कचरा उचलणे, सांडपाणी पाहणे झेपत नाही, म्हणून कम्यूनांचे संघ करावे लागले, आणि 2015च्या कायद्याने अशा संघाला काही अपवाद सोडता किमान 15,000 लोकसंख्येची अट घातली. म्हणजे एक हद्द राखायची तर तिच्यावर दुसरी ओढावी लागते, हे तिथेही चुकले नाही.

खरा फरक वस्ती नसलेल्या गावात दिसतो. 1916च्या व्हर्दँच्या लढाईत बेचिराख झालेली सहा गावे पुन्हा कधी वसली नाहीत. ती आजही कम्यून आहेत आणि त्यांच्यासाठी प्रीफेक्ट, म्हणजे सरकारचा तिथला प्रतिनिधी, मेअर नेमतो. अवधातल्या बेचिराग मौज्याला प्रधान नसतो. त्याला नकाशा असतो, गाटा क्रमांक असतात, आणि दर सहा वर्षांनी नव्या फसलीची खतौनी निघते.