टपालाने बुद्धिबळ

टपालाने बुद्धिबळ खेळताना एकेक खेळी पत्राने कळवीत. लंडन व एडिंबरो येथील मंडळांचा असा सामना १८२४ पासून १८२८ पर्यंत चालला! वेळ वाचावा म्हणून खेळाडू कधीकधी पुढची खेळीही आगाऊ लिहीत. मग ती मोडता येत नसे.

अशा एका डावाची गंमतीची हकीकत बुद्धिबळाच्या ग्रंथांत सांगतात. पांढऱ्याने राजापुढील प्यादे दोन घरे सारले. काळ्याने वजिराकडील घोड्यापुढचे प्यादे एक घर सारून लिहिले की, यावर आपण काहीही खेळा, माझा उंट त्या प्याद्याच्या मोकळ्या घरात येईल. ‘काहीही’ हा शब्दच घातला गेला, तो भोवला. पांढऱ्याने आपला उंट त्या घरावर रोखून शत्रूच्या तोंडी नेऊन ठेवला. एरवी काळ्याने तो सहज मारला असता. पण शब्द दिलेला! त्याचा उंट मुकाट्याने ठरल्या घरी गेला, मारला गेला आणि कोपऱ्यात कोंडलेला हत्तीही मग वाचेना.