गर्जनेची मर्यादा

जपानच्या टोयोटा कंपनीने १९८९ साली ‘लेक्सस’ हे नवे नाव धारण करून आपली पहिली आलिशान मोटार अमेरिकेच्या बाजारात आणली, तेव्हा तिची कीर्ती वेगापेक्षा निःशब्दतेमुळे अधिक पसरली. गाडीच्या बॉनेटवर शॅम्पेनच्या पेल्यांचा मनोरा रचावा, चाके रोलरवर ताशी १४५ मैलांच्या गतीपर्यंत फिरवावीत आणि तरीही मनोऱ्यातील एकही पेला ढळू नये, असे दृश्य त्या कंपनीने आपल्या जाहिरातीत दाखविले होते. आज त्याच घराण्यातील गाडीचा एखादा हौशी मालक, कारखान्याने इतक्या सायासाने आवरलेला आवाज पुन्हा मोकळा करून घेण्यासाठी मोठी रक्कम मोजावयास तयार होतो, हे प्रथमदर्शनी विपरीत वाटते. परंतु माणसाला यंत्राकडून उपयोगाबरोबर रसही हवा असतो, आणि मोटारीचा रस ज्या इंद्रियांनी घेतला जातो त्यांत कानाचा मान मोठा आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या हौसेचा उलगडा होतो. प्रश्न उरतो तो एवढाच, की या हौसेने मिळते काय, आणि तिचा खर्च अखेर कोणाच्या नावे पडतो.

कोयनानगर हे या चर्चेला वरवर पाहता अनुचित स्थळ वाटेल. धरण, वसाहती आणि अरण्य यांच्या सान्निध्यातील या गावी जपानी आलिशान मोटारींच्या पेढ्या नाहीत. परंतु गुहागर, चिपळूण, कऱ्हाड आणि विजापूर यांना जोडणारा राष्ट्रीय महामार्ग येथून जातो, पश्चिमेस कुंभार्ली घाटाची वळणे लागतात, आणि पावसाळा सुरू झाला की हिरवे डोंगर व धबधबे यांच्या ओढीने शहरांतील वाहनधारक या वाटेला लागतात. सपाटीवर जो आवाज वाऱ्यावर विरून जातो, तोच घाटात कातळावर आदळून दरीत घुमतो. म्हणूनच सायलेन्सर बदललेल्या गाडीच्या धन्याला घाट जितका प्रिय, तितकाच घाटाकाठच्या रहिवाशाला तो धनी अप्रिय. या दोघांचा निवाडा करावयाचा, तर सायलेन्सर करतो काय, हे आधी समजून घेतले पाहिजे.

इंजिनाच्या सिलिंडरात इंधन जळून पिस्टन खाली ढकलला गेला, की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि आत कोंडलेला, अद्याप दाबाखाली असलेला तप्त वायू नळीत धाव घेतो. हा प्रवाह सलग नसतो, ठोक्याठोक्यांनी येतो. चार स्ट्रोकच्या आठ सिलिंडरी इंजिनाचा क्रँकशाफ्ट मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ४०० ठोके पडतात. सहा सिलिंडरांचे ३०० आणि चारांचे २००. मोटारीच्या स्वराचा पाया या हिशेबात आहे. त्यातही आठ सिलिंडर दोन तिरक्या रांगांत मांडलेल्या इंजिनात एकूण ठोके समान अंतराने पडत असले, तरी क्रँकशाफ्टच्या प्रचलित घडणीमुळे एकेका रांगेच्या नळीत ते विषम अंतराने उतरतात, आणि त्या विषमतेतून तो गुडगुडणारा, भरदार आवाज जन्म घेतो, ज्यावर या गाड्यांचे भोक्ते लुब्ध असतात. दोन्ही रांगांच्या नळ्या मध्येच फुलीसारख्या जोडल्या, तर ही विषमता कमी होऊन आवाज सलग आणि चढा होतो. एका जोडणीच्या फरकाने एकच इंजिन दोन निराळ्या कंठांनी बोलू लागते.

हा आवाज आवरण्याची युक्ती मोटारीइतकीच जुनी आहे; अमेरिकेतील इंडियाना संस्थानच्या रीव्ह्ज बंधूंनी अशा साधनाचे पेटंट १८९७ सालीच घेतले होते. तेव्हापासून मुख्य रीती दोनच राहिल्या आहेत. पहिल्या रीतीत वायूला अरुंद नळीतून एकाएकी प्रशस्त कक्षात सोडतात, म्हणजे दाबाची लाट तेथे पसरते, काही अंशी माघारी परतते आणि मागून येणाऱ्या लाटेला छेद देऊन तिचे बळ हरण करते. कोयनेच्या माणसाला हे तत्त्व परके नाही. धरणाच्या शिवसागर जलाशयाचे पाणी बोगद्यातून पोफळीच्या वीजगृहाकडे नेताना, टर्बाइने अकस्मात बंद करण्याचा प्रसंग आला तर धावत्या पाण्याचा आघात बोगद्यावर बसू नये, म्हणून वाटेत एक प्रचंड उभी विहीर राखलेली आहे, जिला अभियंते सर्ज वेल म्हणतात. धक्क्याचे पाणी तिच्यात उसळून चढते आणि ओसरते. सायलेन्सरचा कक्ष वायूच्या लाटेला तशीच उसंत देतो. दुसऱ्या रीतीत सरळ नळीला छिद्रे पाडून तिच्याभोवती काचेची लोकर भरतात. ध्वनीची शक्ती त्या तंतूंत शिरून उष्णतेच्या रूपाने जिरते. पहिल्या रीतीने खर्जाचा आवाज चांगला आवरतो पण वायूला वळसे पडतात. दुसरीने वायू मोकळा वाहतो, चढे सूर जिरतात, परंतु खर्ज बव्हंशी शिल्लक राहतो. बाजारात ‘फ्री-फ्लो’ म्हणून जे सायलेन्सर विकले जातात ते बहुधा या दुसऱ्या जातीचे असतात, आणि त्यांचा आवाज दूरवर का पोहोचतो याचेही कारण हेच, की खर्जाच्या लहरी हवेत व झाडीत सहजासहजी क्षीण होत नाहीत.

सुधारणेच्या पायऱ्या तीन मानता येतील. केवळ शेवटचा सायलेन्सर बदलणे ही सर्वांत सौम्य. तिने आवाज पालटतो, शक्ती जवळजवळ तीच राहते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागील संपूर्ण नळी बदलणे, ज्याला गॅरेजवाले ‘कॅट-बॅक’ म्हणतात, ही दुसरी. इंजिनालगतचे हेडर किंवा टर्बोनंतरची डाउनपाइप बदलणे ही तिसरी. आणि अनर्थाचा आरंभ येथूनच होतो, कारण कन्व्हर्टर या टप्प्यात पुष्कळदा काढून टाकला जातो. प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा लेप दिलेली ही जाळीदार वीट कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे रूपांतर करून धुराचे विष उतरविते. ती काढली, की तिच्यानंतरचा ऑक्सिजन सेन्सर इंजिनाच्या संगणकाकडे तक्रार करतो, डॅशबोर्डावर पिवळा दिवा लागतो, आणि तो विझविण्यासाठी ‘रिमॅप’, म्हणजे त्या संगणकाची फेरमांडणी, ही दुसरी खर्चाची बाब उभी राहते.

आता लाभाचा हिशेब. ‘इंजिनाला मागून थोडा अडथळा हवाच, नाहीतर जोर कमी होतो’ अशी एक समजूत मेकॅनिकांत रूढ आहे. वास्तविक अडथळ्याचा उपकार काही नाही. उपकार आहे तो नळीतील वायूच्या वेगाचा. योग्य व्यासाच्या नळीतून वेगाने पुढे जाणारा एक ठोका आपल्या मागे दाबाचा उतार निर्माण करतो आणि पुढच्या सिलिंडरातील वायूला ओढून घेतो. नळी गरजेपेक्षा रुंद केली की वेग मंदावतो, ही ओढ नाहीशी होते, आणि कमी फेऱ्यांवर, म्हणजे घाट चढताना हवा असतो नेमका तेव्हाच, गाडीचा जोर उणा भासतो. टर्बो नसलेल्या आधुनिक इंजिनात कारखान्याने हा हिशेब आधीच इतका काटेकोर केलेला असतो, की कॅट-बॅक बदलून दोन-चार टक्क्यांहून अधिक शक्ती क्वचितच पदरी पडते. टर्बोच्या गाडीत वाव अधिक, कारण टर्बाइननंतरचा दाब जितका कमी तितके ते चपळ फिरते. परंतु निस्सानने डिसेंबर २०१६ मध्ये सुमारे दोन कोटी रुपये किमतीला भारतात आणलेल्या जीटी-आर या ३.८ लिटरच्या दोन टर्बोंच्या गाडीला कारखान्यानेच टायटॅनियमचा एक्झॉस्ट दिला होता. टायटॅनियमची घनता ४.५, तर पोलादाची ७.९ च्या आसपास. वजनातील जी बचत बाहेरचा विक्रेता मोठ्या अभिमानाने पुढे करतो, ती तेथे आधीच साधलेली होती.

मग मालकाच्या हाती प्रामुख्याने उरतो तो स्वर. आणि स्वरही कारखाने दुर्लक्षित ठेवीत नाहीत. २०१० ते २०१२ या काळात केवळ ५०० नगच बांधलेल्या लेक्सस एलएफए या गाडीचे ४.८ लिटरचे दहा सिलिंडरी इंजिन यामाहाच्या साहाय्याने सिद्ध झाले, आणि त्याच्या ध्वनीच्या रचनेत वाद्यनिर्मितीची परंपरा असलेल्या त्या कंपनीचे ज्ञान कामी आले. मिनिटाला ९,००० फेऱ्यांवर त्याचे सेकंदाला ७५० ठोके पडत. मंद गतीपासून त्या शिखरापर्यंत इंजिन ०.६ सेकंदात चढे, इतक्या झपाट्याने, की काट्याच्या तबकडीला ते अनुसरता येईना आणि तिच्या जागी अंकीय पडदा योजावा लागला. उलटपक्षी, याच घराण्याच्या आयएस एफ या गाडीच्या मागे दिसणारी चार नळ्यांची भारदस्त टोके बंपरला जडविलेली होती, सायलेन्सरच्या नळीशी थेट जोडलेली नव्हती. रसिकांनी त्यावर यथेच्छ टीका केली. दिखावा आणि कारागिरी एकाच कारखान्यातून निघू शकतात, हे बाहेरून सायलेन्सर विकत घेणाऱ्याने विशेष स्मरणात ठेवावे. भारतात लेक्ससचे आगमन मार्च २०१७ मधले. जानेवारी २०२० मध्ये आलेली एलसी ५००एच ही तिची डौलदार गाडी सहा सिलिंडरी इंजिन आणि विजेची मोटर यांच्या संयोगावर चालते. अशा हायब्रिड गाडीत इंजिन वारंवार स्वतःहून बंद होते. तेव्हा सायलेन्सरवर केलेला खर्च अर्ध्या वाटेवर मौनच ऐकवितो.

कोयनेसारख्या अतिवृष्टीच्या मुलखात व्यावहारिक अडचणीही आहेत. खाली लोंबणारी रुंद नळी गावोगावच्या गतिरोधकांवर घासते. छोट्या फेऱ्यांत नळी पुरेशी तापत नाही, जळणातून निर्माण झालेले पाणी आतच साचते, आणि हलक्या प्रतीचे पोलाद आतून सडते. १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असलेले ३०४ जातीचे स्टेनलेस पोलाद येथे टिकते. स्वस्त नळ्यांत सुमारे ११ टक्के क्रोमियमचे ४०९ जातीचे असते. शिवाय अनेक फ्री-फ्लो सायलेन्सरांचा खर्ज ठरावीक फेऱ्यांवर गाडीच्या पेटीशी अनुनाद साधतो आणि आत बसलेल्यांच्या कानांत एकसुरी घुमारा भरतो. कऱ्हाड सोडताना आनंददायी वाटलेला आवाज पाटणपर्यंत डोकेदुखी होतो.

कायद्याची भूमिका या सर्वाहून सरळ आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० प्रत्येक वाहनाला सायलेन्सर अनिवार्य करतो. नऊपर्यंत आसनांच्या मोटारीची ध्वनिमर्यादा ७४ डेसिबल आहे. पुण्याच्या वेताळ टेकडीवरील, १९६६ साली स्थापन झालेल्या एआरएआयसारख्या संस्था नव्या नमुन्याची तपासणी करतात तेव्हा गाडी पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून पुढे नेली जाते आणि मार्गाच्या मध्यरेषेपासून साडेसात मीटरवर ठेवलेले मायक्रोफोन तिचा आवाज मोजतात. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफारास मनाई करते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या मनाईचा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ अन्वये अशा प्रत्येक फेरफारास ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि कलम १९० अन्वये ध्वनी वा धुराच्या मानकांच्या भंगाबद्दल १०,००० रुपयांपर्यंत दंड, कैद व परवान्याचे निलंबन यांची तजवीज आहे. पोलिसांनी जप्त सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवर रोडरोलर फिरविल्याची दृश्ये महाराष्ट्रात अनेकांनी पाहिली आहेत. ते सायलेन्सर बहुधा बुलेट मोटारसायकलींचे असतात, पण नियमाला गाडीच्या किमतीचा मुलाहिजा नाही. खुद्द जपानातही बाहेरून बसविलेल्या सायलेन्सरला ध्वनीची परीक्षा चुकलेली नाही. २०१० पासून नव्या गाड्यांसाठी प्रमाणित सायलेन्सरच चालतो, आणि तेथील निर्मात्यांची स्वतःची संघटना अशा मालाला शिक्का देते. ज्या देशात या गाड्या घडतात, तेथेच या हौसेला हे लगाम आहेत.

आणि येथे वस्ती केवळ माणसांची नाही. कोयना अभयारण्य १९८५ सालचे. चांदोली राष्ट्रीय उद्यानासह ते २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा गाभा बनले, आणि २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाच्या यादीत त्याची नोंद झाली. अरण्यात भक्ष्य, भक्षक आणि जोडीदार यांचा ठाव बव्हंशी कानाने घेतला जातो. नेदरलँड्समधील लायडन शहरात ‘ग्रेट टिट’ या लहानशा पक्ष्याचा अभ्यास करणाऱ्यांनी २००३ साली दाखवून दिले, की गोंगाटाच्या भागातील नर आपल्या गाण्यातील खालचे सूर टाळून वरच्या पट्टीत गातात, कारण वाहनांचा खर्ज खालचे सूर गिळून टाकतो. फ्री-फ्लो सायलेन्सर जो भाग शिल्लक ठेवतो, तो नेमका हाच.

तेव्हा निवाडा असा. मूळ सायलेन्सर गळू लागला वा गंजला, तर त्याच तपशिलाचा, पण चांगल्या पोलादाचा बसवावा; कन्व्हर्टरला कोणीही हात लावू देऊ नये; आवाज कमी-अधिक करणारा व्हॉल्व्ह कारखान्याने मुळात दिला असेल, तर त्याच्यावर संतोष मानावा. ज्याला याहून अधिक गर्जना हवी, त्याच्यासाठी चेन्नईजवळील इरुंगाट्टुकोट्टै, कोइमतूरची कारी किंवा ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट असे शर्यतीचे मार्ग आहेत; गाडी तेथे ट्रकवर न्यावी आणि कान तृप्त होईतो फिरवावी. सार्वजनिक रस्त्यावर मात्र शक्तीचा लाभ अल्प, आणि स्वराचा आनंद एकट्याचा असून त्याचा भार खेडी, रुग्णालये आणि अरण्य यांच्यावर पडणारा. असा व्यवहार कितीही उंची यंत्राच्या नावाने केला, तरी तो सुधारणा या नावास पात्र ठरत नाही.