बंद दारांचा नाताळ

"सर, दिवाळीत मला रडू आलं नाही, आज मात्र आवरत नाही!"

२५ डिसेंबर २०२२ च्या संध्याकाळी साडेसातच्या सुमारास माझी एक जुनी विद्यार्थिनी फोनवर हे बोलली आणि मी क्षणभर गोंधळूनच गेलो. ही मुलगी आमच्या हिंगोली जिल्ह्यातली, कळमनुरी तालुक्यातल्या एका हळद पिकविणाऱ्या शेतकऱ्याची. त्याच वर्षी सप्टेंबरात शिष्यवृत्ती मिळवून ती संशोधनासाठी उत्तर इंग्लंडात गेली होती. दिवाळीत घरच्या आठवणीने तिला रडू कोसळले असते, तर ते कोणालाही समजले असते. पण नाताळात? ज्या सणाशी आमचा संबंध शाळेच्या सुट्टीपुरता, आणि फार तर केकच्या तुकड्यापुरता, त्या सणाने कळमनुरीच्या पोरीच्या डोळ्यांत पाणी का आणावे?

तिनेच उलगडा केला. त्या वर्षी लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला, सोमवारी आले होते. तिथे तो कामाचा दिवस. सकाळी व्याख्यान, दुपारी प्रयोगशाळा, संध्याकाळी ग्रंथालय! आज घरी काय चालले असेल याचा विचार करायलाही सवड मिळाली नाही. रात्री आईने फोनवर पणत्या दाखविल्या, हिने त्या पाहिल्या आणि झोपी गेली. नाताळाचे तसे नाही. त्या दिवशी सारे गावच थांबते. लंडनची भुयारी रेल्वेसुद्धा २५ डिसेंबरला धावत नाही, मग लहान गावांची काय कथा! आगगाड्या बंद, बस बंद, दुकाने बंद, ग्रंथालयाला कुलूप. आठवडाभर आधीच वसतिगृहातली मुले आपापल्या घरी पांगलेली. तिच्याकडे तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि चारच्या आत अंधार पडणार होता.

"सर, रस्त्यावर एक माणूस नाही. समोरच्या घरात दिवे दिसतात, माणसं हसलेली ऐकू येतात. अन् मी खिडकीत उभी!"

त्या मजल्यावर तिच्याशिवाय आणखी एकच मुलगी उरली होती, घाना देशाची. ती ख्रिस्ती. तिचे दुःख आणखी निराळे. सण तिचाच, पण माणसे तिची नव्हेत. सकाळी दोघींनी मिळून भात रांधला. एकीने मेतकूट काढले, दुसरीने तिखट मसाल्याची डबी. हाच त्यांचा नाताळ.

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ विचार करीत बसलो. नाताळ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांनी आणला आणि आपण तो इतका आपलासा केला, की तो बाहेरचा आहे हे सांगावे लागते. एकोणिसाव्या शतकात आमच्या या हिंगोलीत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. तिथल्या इंग्रज अधिकाऱ्यांनीही हा सण परमुलखातच काढला असेल. पण ते हुकमत गाजवायला आले होते. हाताशी पलटण होती, नोकरचाकर होते. शिकायला गेलेल्या एकट्या जिवाची गोष्ट वेगळी.

अशा जिवाची गोष्ट आपल्याला अपरिचित नाही. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ'मुळे घरोघरी पोहोचले. ४ जून १८८३ रोजी ही अठरा वर्षांची मुलगी न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरली. त्यानंतर फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ११ मार्च १८८६ रोजी तिने पदवी मिळविली. या काळात तिने तीन नाताळ परदेशी पाहिले. थंडी सोसवेना, अन्न रुचेना, प्रकृती साथ देईना; आणि आपण हिंदू म्हणून जातो, हिंदू म्हणूनच परत येऊ, हे तर ती निघण्यापूर्वीच जाहीर सभेत सांगून बसलेली!

१० ऑक्टोबर १८८५ चे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात एका शेजारी एक तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात आहेत. आपली आनंदीबाई, जपानची केई ओकामी आणि सीरियातल्या दमास्कसची साबात इस्लामबुली. तीन दिशांच्या तीन मुली. तिघींनाही सुट्टी लागली म्हणून घरी जाणे शक्य नव्हते.

पण आनंदीबाईला अमेरिकेत एक घर होते. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या सौ. कार्पेंटर यांनी दंतवैद्याकडे बसल्या बसल्या एका मासिकात गोपाळरावांचे पत्र वाचले. एका अनोळखी मुलीची शिकण्यासाठी चाललेली धडपड त्यांना जाणवली आणि त्यांनी आपण होऊन पत्र लिहिले. दोघींची पत्रमैत्री जमली, आनंदीबाई त्यांना 'मावशी' म्हणू लागली. बोटीवरून उतरली ती या मावशीच्याच घरी राहायला गेली. हे नाते एखाद्या सणापुरते राहिले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात आनंदीबाईचा अंत झाला, तेव्हा तिची रक्षा याच मावशींकडे पाठविण्यात आली आणि त्यांनी ती पोकिप्सीच्या दफनभूमीत, आपल्या घरच्या माणसांशेजारी ठेवली.

पुढे अशा मावश्या शोधून देण्याचे काम संस्थांनीही केले. ब्रिटनमध्ये १९८७ साली 'होस्ट यूके' नावाची संस्था निघाली. परदेशी विद्यार्थ्यांना शनिवार-रविवारी किंवा नाताळात एखाद्या कुटुंबात पाहुणे म्हणून धाडायचे, हे तिचे काम. ही हकीकत मी आमच्या मुलीला पुढच्या फोनवर मोठ्या उत्साहाने ऐकविली. तिने सारे ऐकून घेतले आणि सहज विचारले, "सर, आपल्या वसतिगृहात दिवाळीला कोण राहतं हो?"

मला उत्तर देता आले नाही. अठरा वर्षे मी त्या फाटकावरून ये-जा करीत होतो; पण सुट्टीत आत कोणी उरते का, हे एकदाही डोकावून पाहिले नव्हते.

२०२३ च्या दिवाळीत पाहिले. खानावळ बंद झाली होती. वरच्या मजल्यावर दोन मुले विजेच्या शेगडीवर खिचडी शिजवीत होती. दोघेही तांड्यावरचे. आईबापांनी मुकादमाकडून उचल घेतलेली, त्यामुळे दसरा उलटताच टोळी उसाच्या फडावर निघून गेलेली. घराला कुलूप. मी विचारले, "बाबांनो, गावी का गेला नाहीत?" त्यांतला थोरला शांतपणे म्हणाला, "गावी कोण हाय, सर?"

साता समुद्रापलीकडची बंद दारे मला फोनवरून दिसली. घरापासून हाकेच्या अंतरावरची दिसली नव्हती!

१२ नोव्हेंबरला नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आले होते. पहाटे दोघेही आमच्याकडे अभ्यंगस्नानाला आले. आधी फार संकोचले. पण माझ्या पत्नीने उटण्याची वाटी हातात दिली, "आता काय पाहुण्यांसारखे उभे राहता?" म्हणून दटावले, तेव्हा कुठे मोकळे झाले. फराळ करता करता धाकट्याच्या आईचा फडावरून फोन आला. तो तिच्याशी आपल्या बंजारा बोलीत बोलत होता. मला ती समजत नाही. 'काकू' हा एक शब्द तेवढा समजला, आणि तो त्याने तीनदा उच्चारला.

त्याच वर्षीच्या नाताळात इंग्लंडहून एक छायाचित्र आले. विभागातल्या एका निवृत्त प्रयोगशाळा-सहाय्यक बाईंनी आमच्या मुलीला आणि तिच्या घानाच्या मैत्रिणीला जेवायला बोलाविले होते. बस नसतात म्हणून त्या स्वतः मोटार घेऊन आल्या. डोक्यावर कागदी मुकुट घालून दोघी बसलेल्या, समोर भाजलेले बटाटे, आणि त्याच टेबलावर आईने पाठविलेले शंकरपाळे! खाली दोनच ओळी होत्या. "सर, यंदा मी खिडकीच्या आतल्या बाजूला आहे. तुमच्याकडे कोण आलं होतं?"

मी तिला लिहिले, "दोघे आले होते. पुढच्या वर्षी किती उरतील, ते आधीच विचारून ठेवतो."

वाचकहो, हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा आपल्या गावातल्या वसतिगृहांच्या खोल्यांना कुलपे लागत असतील. एखाद्या खोलीला लागले नसेल. ती कोणाची, एवढे फक्त विचारून पाहा.