एका रसायनाची लेकरे

अतिमानवी शक्ती लाभलेल्या नायकांच्या कथेत खलनायक बहुधा बाहेरून येतो. तो परग्रहावरून उतरतो, तुरुंग फोडून सुटतो किंवा एखाद्या अंधाऱ्या तळघरातून वर येतो; नायकाने त्याला हुसकावून लावले की शहराचा आणि प्रेक्षकांचा जीव भांड्यात पडतो. अमेरिकेत कार्टून नेटवर्क वाहिनीवर १८ नोव्हेंबर १९९८ रोजी सुरू झालेल्या ‘द पॉवरपफ गर्ल्स’ या विनोदी चित्रमालिकेने मात्र पहिल्याच पर्वात या रचनेला छेद दिला. या मालिकेतला मुख्य खलनायक नायिकांच्याच घरातला आहे. इतकेच काय, त्या जन्माला येण्यापूर्वीपासून तो त्या घरात राहत होता.

भारतातही ही मालिका कार्टून नेटवर्कवरून दिसली. त्या काळी शाळकरी असलेल्यांना गुलाबी, निळ्या आणि हिरव्या झग्यातल्या त्या तीन मुली चांगल्याच आठवत असतील. पालकांना ती मोठ्या डोळ्यांच्या तीन बाहुल्यांची हाणामारी वाटली असेल, तर त्यांनाही दोष देता येणार नाही. हाणामारी होतीच, आणि सढळ हाताने होती. पण प्रत्येक वेळी मार कोणाला बसतो आणि का बसतो, हे जरा थांबून पाहिले की या मालिकेची खरी गंमत उलगडू लागते.

क्रेग मॅकक्रॅकन या चित्रकाराने कॅलिफोर्नियातील ‘कॅलआर्ट्स’ या कलासंस्थेत शिकत असताना १९९२ मध्ये या मुलींवर पहिला लघुपट केला. त्यात मुलींच्या नावाला जोडलेला शब्द इंग्रजीतल्या रांगड्या बोलीतला, मारहाणीचा अर्थ असलेला होता. दूरचित्रवाणीवर बालप्रेक्षकांसमोर तो चालण्यासारखा नव्हता. तेव्हा नाव बदलले, आणि मुलींना शक्ती देणाऱ्या त्या ‘मारहाणीच्या डब्या’च्या जागी ‘केमिकल एक्स’ नावाचे काळे रसायन आले. हा बदल नाइलाजाचा असला, तरी कथेला तो मोठा लाभदायक ठरला. डबा एकदा ओतला की संपतो. रसायन मात्र सांडते, उडते, भलत्याच्याच अंगावर पडते.

मालिकेच्या प्रत्येक भागाच्या आरंभी ही जन्मकथा थोडक्यात येते. मुली कशाच्या बनलेल्या असतात, या विषयावरील जुन्या इंग्रजी बालगीताप्रमाणे प्रोफेसर युटोनियम हे टाउन्सव्हिल शहरातील शास्त्रज्ञ साखर आणि मसाला वगैरे गोड पदार्थ एकत्र करून आदर्श मुली घडवू पाहतात. त्यात अपघाताने केमिकल एक्स पडते, स्फोट होतो आणि ब्लॉसम, बबल्स व बटरकप या तीन बहिणी अवतरतात. ब्लॉसम पुढारी, बबल्स हळवी, बटरकप आडदांड. एवढ्यावर पुष्कळशा मालिका वर्षानुवर्षे चालल्या असत्या.

पण ‘अपघाताने’ या शब्दावर कोणी प्रश्न विचारत नाही. बाटली फुटली कशी? पहिल्या पर्वातील ‘मिस्टर मोजोज रायझिंग’ या भागात याचे उत्तर मिळते. प्रोफेसरांच्या प्रयोगशाळेत जोजो नावाचा एक व्रात्य चिंपांझी होता. त्याने धक्का दिल्यामुळे केमिकल एक्सची बाटली फुटली. त्या स्फोटात मुली जन्मल्या आणि जोजोच्या मेंदूवरही त्याच रसायनाचा परिणाम झाला. त्याला बुद्धी आली. पण ती येईपर्यंत प्रोफेसरांचे लक्ष तीन नव्या जीवांनी वेधून घेतले होते. धाकटी भावंडे आली की थोरल्याच्या वाट्याला येणारा रुसवा कोणत्या घराला नवा आहे? जोजो घरातून बाहेर पडला, डोक्याच्या वाढलेल्या मेंदूवर फेटा चढवला आणि मोजो जोजो झाला. आपल्या साऱ्या दुःखाचे मूळ या मुली आहेत, असे तो त्या भागात ठणकावून सांगतो. आणि ज्या धक्क्यातून मुली जन्मल्या तो त्याचाच होता, हे उघड झाल्यावर त्याची जी अवस्था होते ती पाहून हसावे की हळहळावे हे कळत नाही.

२००२ मध्ये आलेल्या चित्रपटात हीच पूर्वकथा विस्ताराने मांडली आहे. शिवाशिवीचा खेळ खेळता खेळता नवजात मुली अर्धेअधिक शहर मोडून टाकतात. लोक त्यांच्यावर खवळतात, प्रोफेसरांना अटक होते आणि रस्ता चुकलेल्या तिघींना एका गल्लीत चिंध्या पांघरलेला जोजो भेटतो. आम्हा दोघांनाही कोणी समजून घेत नाही, असे तो त्यांना पटवतो. यात लबाडी आहे, कारण त्याला त्यांच्याकडून आपला तळ बांधून घ्यायचा आहे. तरीही त्या भेटीतला प्रत्येक शब्द खोटा आहे, असे म्हणवत नाही. त्या क्षणी दोन्ही बाजूंचे पारडे समान असते: शक्ती एक, उगम एक, शहराचा तिरस्कारही एक. पुढे मुलींना परत जायला घर असते, मोजोला नसते. या मालिकेत नायक आणि खलनायक यांच्यातील सीमारेषा रक्तातून किंवा शक्तीतून आखलेली नाही. रात्री अंथरुणात घालून पांघरूण सारखे करणारे कोणी आहे की नाही, यावरून ती ठरते.

मोजोचा विनोदही या एकटेपणातूनच फुलतो. शहराच्या मध्यभागी ज्वालामुखीच्या माथ्यावर त्याची वेधशाळा आहे, आणि जगज्जेता होऊ पाहणारा हा गृहस्थ तिथे आपले घरकाम आपणच करतो. त्याचे बोलणे एक स्वतंत्र प्रकरण आहे. मी हे करीन, हे करणारा मीच असल्यामुळे जे होईल ते मी केलेले असेल, आणि म्हणून ते मी केले असे म्हटले जाईल, अशा धाटणीचे पल्लेदार वाक्य तो टाकतो. रॉजर एल. जॅक्सन या आवाजाच्या कलावंताने ही पुनरुक्ती इतक्या गांभीर्याने उच्चारली आहे की ऐकणारा हसतो आणि बोलणाऱ्याची कीवही करतो. ज्याचे कोणी ऐकत नाही, तो माणूस तेच तेच पुन्हा सांगतो. दशकपूर्तीनिमित्त निघालेल्या विशेष भागात तर साऱ्या जगाची सत्ता खरोखरच मोजोच्या हाती येते. तो काय करतो? जगाचे भले करतो! आणि मग कंटाळून पुन्हा जुन्या उद्योगाला लागतो.

बाकीची खलमंडळीही याच मापाची, म्हणजे घरगुती दुर्गुणांची. फझी लम्पकिन्स हा रानात राहणारा गुलाबी, केसाळ प्राणी. त्याचे म्हणणे एवढेच की माझ्या जागेत पाऊल टाकू नका. पाऊल पडले की बंदूक बाहेर. बांधावरून पिढ्यान् पिढ्या भांडणारे भाऊबंद ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना फझीची ओळख करून देण्याची गरज नाही. प्रिन्सेस मॉरबक्स ही गडगंज बापाची लेक. तिला पॉवरपफ व्हायचे असते आणि पैसे टाकून ते जमत नाही, म्हणून ती शत्रू होते. एका भागात ती सारे शहरच विकत घेऊन गुन्हेगारी कायदेशीर करून टाकते. मुली मग कायद्याला धरून तिचेच सामान पळवतात आणि बाईसाहेब घाईघाईने कायदा फिरवतात. अमीबा बॉइज तर एकपेशीय. त्यांना नामांकित गुन्हेगार व्हायचे आहे, पण गुन्हा कसा करतात हेच कळत नाही.

अपवाद एकच, आणि तो हेतुपुरस्सर ठेवलेला दिसतो. त्याचे खरे नाव घेण्याचीही लोकांना भीती वाटते, म्हणून त्याला नुसते ‘हिम’, म्हणजे ‘तो’, म्हणतात. तांबडे शरीर, हातांच्या जागी खेकड्याच्या नांग्या, लांब बूट, आणि कानाला गुदगुल्या करणारा आवाज जो एकाएकी खोल गर्जनेत उतरतो. मोजोला तक्रार आहे, फझीला जमीन आहे, प्रिन्सेसला हट्ट आहे. याला काहीच नको. तो सहसा मुठी वापरत नाही. बबल्सच्या आवडत्या खेळण्यातल्या ऑक्टोपसच्या तोंडून बोलून तो थोरल्या दोघींत भांडण लावतो. दुसऱ्या एका भागात तो साऱ्या शहराच्या मनात मुलींविषयी द्वेष भरतो. हा विनोदी मालिकेतला खलनायक असला तरी त्याच्या भागांत हसू फारसे येत नाही. लहानग्यांनी त्याला पाहून डोळे मिटून घेतले असतील, तर ते योग्यच होते.

आता नायिकांकडे वळू, कारण मालिकेचे खरे धाडस तिथे आहे. या मुली पोकी ओक्स नावाच्या बालवाडीत जातात, आणि बालवाडीतल्या मुलांना असते तेवढीच समज त्यांना आहे. पर्वत उचलता येतो म्हणून न्याय करता येतोच असे नाही. ‘टेलिफोनीज’ या भागात गँगग्रीन गँग ही उनाडांची टोळी नगराध्यक्षांच्या कार्यालयात शिरून तिथल्या खास फोनवरून मुलींना खोट्या तक्रारी करते. मुली तत्परतेने धावतात आणि आपापल्या घरी निवांत बसलेल्या मोजोला, फझीला आणि ‘हिम’लाही विनाकारण झोडपून काढतात. कोणी चौकशी करत नाही. शेवटी हे तीन बडे खलनायक एकत्र येऊन त्या टोळीला धडा शिकवतात, आणि प्रेक्षक चक्क त्यांच्या बाजूचा झालेला असतो.

‘कँडी इज डँडी’ मध्ये प्रकरण आणखी पुढे जाते. चोर पकडल्याबद्दल नगराध्यक्ष मुलींना खाऊ देतात. खाऊची अशी चटक लागते की गुन्हे कमी पडू लागतात. तेव्हा मुली मोजोलाच तुरुंगातून बाहेर काढतात, त्याला पुन्हा पकडता यावे म्हणून. चांगल्या कामाला बक्षीस लावले की कामापेक्षा बक्षीस मोठे होते, हे शाळेत गुणांच्या मागे धावणाऱ्यांनाही ठाऊक आहे. आणखी एका भागात गुणी ब्लॉसम प्रोफेसरांना भेट द्यायला गोल्फचा महागडा संच चोरते आणि आळ मोजोवर ढकलते. सर्वांना ते लगेच पटते. मोजोने केले असेल, यात शंका कोण घेणार?

या सर्वांत मनाला चटका लावणारा भाग ‘ट्विस्टेड सिस्टर’ होय. गुन्ह्यांचा पाठलाग करून थकलेल्या मुली मदतीला चौथी बहीण घडवायचे ठरवतात. साखरेऐवजी कृत्रिम गोडी, मसाल्याच्या नावाखाली माती आणि काटक्या, आणि वर केमिकल एक्स. जन्माला येते ती बनी: अवजड, वेडीवाकडी, पण मनाने भोळी. तिला चांगले-वाईट नीट सांगितलेलेच नसते, म्हणून ती निरपराधांना पकडते आणि कैद्यांना सोडून देते. बहिणी तिच्यावर खेकसतात, ती रडत निघून जाते, आणि सुटलेले कैदी मुलींवर तुटून पडल्यावर तीच परत येऊन त्यांना वाचवते. नंतर तिचे अस्थिर शरीर फुटून नाहीसे होते. बनीमध्ये आणि जोजोमध्ये फार अंतर नाही. एकीला घडवणाऱ्यांनी घाई केली, दुसऱ्याकडे पाहायला कोणाला सवड झाली नाही.

सगळेच भाग या तोलाचे नाहीत, हेही सांगितले पाहिजे. ‘माइम फॉर अ चेंज’ मध्ये रेनबो नावाच्या विदूषकावर रंग उडवणारे ब्लीच पडून तो सारे शहर बेरंग आणि मुके करतो. मुली गाणे म्हणून रंग परत आणतात, विदूषक पूर्ववत होऊन आनंदतो, आणि त्यानंतरही त्याला चोप देऊन तुरुंगात टाकले जाते. अपघातात सापडलेल्या माणसाला शिक्षा कशासाठी? इथे मालिका मुलींच्या चुकीवर हसते आहे की स्वतःच ती चूक करते आहे, हे स्पष्ट होत नाही. मला दुसरी शक्यता अधिक वाटते.

प्रौढांचे जगही असेच अर्धवट आहे. एकभिंगी चष्म्याचे बुटके नगराध्यक्ष लोणच्याच्या बरणीचे झाकण उघडायलाही मुलींना बोलावतात. प्रत्यक्ष कारभार त्यांच्या सहायक मिस सारा बेलम पाहतात. त्यांचा चेहरा सहसा पडद्यावर दिसत नाही. नाव मात्र ‘सेरेबेलम’ या मेंदूच्या भागावरून घेतलेले आहे.

मूळ मालिका ७८ भागांनंतर २५ मार्च २००५ रोजी संपली. २००६ मध्ये जपानने आपली निराळी आवृत्ती काढली. २०१६ ते २०१९ या काळात कार्टून नेटवर्कने मालिका नव्याने केली, तेव्हा तिन्ही मुलींचे आवाज बदलले आणि मिस बेलमना वगळण्यात आले. मोजो जोजोला मात्र वगळणे कोणालाच शक्य नव्हते. नव्या मालिकेतही तो हजर होता, आणि त्याचा आवाजही तोच, जॅक्सन यांचाच.